टिटवाळा, मानपाडा आणि लातूरच्या गाडीची वेळ

बार्शीहून टिटवाळ्याला कोणी जातं ते गणपतीला. लग्न जुळावं, बिनसलेलं सांधलं जावं म्हणून लोक तिथे जातात. मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये तेच सांगून रजा टाकली. खरं कारण फक्त बायकोला सांगितलं, आणि तिलाही अर्धंच.

माझी धाकटी बहीण सुनीता गेली अठरा वर्षं तिकडे राहते. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. ती बार्शीला दोनदा आली, एकदा वडिलांच्या दहाव्याला आणि एकदा आईच्या. तिची मुलगी प्राची आता सत्तावीस वर्षांची आहे. तिने मित्रमैत्रिणींना हाताशी धरून आईच्या आयुष्यावर एक चित्रपट केला. त्याबद्दल तिचा फोन आला तेव्हा मी सातवीचे पेपर तपासत होतो.

"मामा, तुझा आवाज हवाय."

"आवाज म्हणजे?"

"तुझं काम ज्याने केलंय ना, त्याचा आवाज वाया गेला. शूटिंग चालू होतं तेव्हा शेजारी हळद होती, बँजोवाले पहाटेपासून पेटलेले. आता डबिंग करायचं तर तो नाटकाच्या दौऱ्यावर गेलाय. आणि खरं सांगू? तो डोंबिवलीचा आहे. बार्शी त्याच्या तोंडात बसतच नव्हती. सातच वाक्यं आहेत रे."

'तुझं काम' हे शब्द मी फोन ठेवल्यावरही ऐकत राहिलो. म्हणजे चित्रपटात मी होतो.

इथे आधीचं सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी सुनीता सात वर्षांच्या प्राचीला घेऊन लातूरहून, नवऱ्याच्या घरून, आमच्याकडे निघून आली. पाठीवरचे वळ तिने आईला दाखवले. मला दाखवले नाहीत, मी विचारलंही नाही. अकरा दिवस राहिली. वडील तेव्हा अंथरुणाला होते, घरातलं मीच ठरवत होतो. माझं लग्न ठरत होतं, मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती. बाराव्या दिवशी मी तिला परत जायला सांगितलं. आईने ओटी भरली, मी गाडीत बसवून दिलं. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाला ठाऊक नव्हतं ते असं, की त्या सकाळी दूध आणायला म्हणून मी बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून लातूरला दाजींना फोन केला. सुनीता कोणत्या गाडीने येतेय ते सांगितलं, स्टँडवर घ्यायला या म्हणालो. आमच्याकडे समज असा, की रुसून माहेरी आलेली बाई एकटी परतली तर तिची पत जाते आणि नवरा न्यायला आला तर मान राहतो. मी तिचा मान राखत होतो, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलो.

सात वाक्यांत तो फोन आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

शनिवार : कल्याण, टिटवाळा

प्राची कल्याण स्टेशनावर घ्यायला आली होती. घरी जाण्याआधी तिला बाजारातून ज्वारी घ्यायची होती. एका घाऊक दुकानात तिने पोत्यात हात घालून दाणे तळहातावर घेतले आणि दुकानदाराला विचारलं, "बार्शीचीच ना? मागच्या वेळची आईने परत पाठवली होती." दुकानदार म्हणाला, "तुमच्या आईला फसवून मी राहणार कुठे?" तीनशेहून जास्त किलोमीटरांवर आमच्या शिवारातली ज्वारी मी प्राचीच्या पाठीमागे पिशवीतून वाहिली. मी भूगोल शिकवतो. कोणता माल कोणत्या बाजारात जातो हे मुलांकडून पाठ करून घेतो. पण तो तिथे कोण खातं हे मला कधी शिकवावं लागलं नव्हतं.

टिटवाळ्यात नव्या इमारतींची इतकी गर्दी आहे, की रिक्षावालेही नाव ऐकून "नवीन का जुनी?" विचारतात. सुनीताचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, खिडकीतून काळू नदीच्या पलीकडचे डोंगर. आमच्याकडे या दिवसांत डोळ्यांना पिवळं दिसतं, इथे अजून हिरवं होतं. ती मानपाड्याला कामावर गेली होती. प्राचीने पोहे पुढे ठेवले आणि लॅपटॉप उघडला. चित्रपटाचं नाव ठरलेलं नव्हतं. फाइलवर 'आई ७' लिहिलं होतं.

मी चित्रपटाबद्दल बोलायला पात्र नाही. जे पाहिलं ते सांगतो. एक बाई मुलीला घेऊन माहेरून एसटीने लातूरच्या स्टँडवर उतरते. घराकडे वळत नाही. कल्याणला जाणारी गाडी कुठे लागते ते विचारते. मुलीच्या चित्रकलेच्या वहीत, घराच्या चित्रामागे, टिटवाळ्याच्या एका शाळामैत्रिणीचा पत्ता लिहिलेला आहे. गाडी लागते. ती मुलीला पायरीवर चढवते. आणि मागून नवऱ्याचा हात तिच्या पिशवीवर पडतो.

मी पोहे खाली ठेवले. ती परत जाणार नव्हती हे मला कधी सुचलंच नव्हतं. नीट ओटी भरून, पदर खोचून, "येते" म्हणून निघालेली बाई नवऱ्याच्या गावची गाडी फक्त बदलण्यासाठी धरते, हे माझ्या नकाशात नव्हतं.

"इथून पुढे डावीकडचा स्पीकर मुका होतो," प्राची म्हणाली. "मुद्दाम. शेवटपर्यंत. आईचा डावा कान त्याच महिन्यात गेला ना."

आईच्या दहाव्याला सुनीता सारखी मान उजवीकडून पुढे करत होती. मला वाटलं होतं, वय झालं.

तिथून सुटायला तिला आणखी दोन वर्षं लागली. पुढचा सगळा चित्रपट ती उभी कशी राहिली याचा आहे आणि तो चांगला आहे. पण प्राची समाधानी नव्हती. "पंधरा-वीस जणांना दाखवला. सगळे एकच विचारतात. त्याला कसं कळलं ती कुठल्या गाडीने येतेय? मी आईला विचारलं. ती म्हणते, बघितलं असेल कोणीतरी. पण मामा, हे भोक आहे. स्टोरीतलं भोक. लोक तिथे अडकतात."

मी म्हणालो, "योगायोग असतात."

"आयुष्यात चालतात. पिक्चरमध्ये नाही चालत," ती म्हणाली.

संध्याकाळी सुनीता आली. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "आलास?"

"आलो."

"वाळलास की रे. वहिनी उपाशी ठेवते का तुला?" आणि उत्तराची वाट न बघता भाकरीचं पीठ मळायला घेतलं. जेवताना मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. तीनदा काहीतरी बोललो. तिसऱ्यांदा तिने ताट उचललं आणि मला ओलांडून पलीकडे जाऊन बसली. "हं, बोल आता." मी चटणी छान झालीय म्हणालो.

रविवार : खाडीकाठ

सुटून आल्यावर सुनीताने पहिली खोली घेतली ती डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका जुन्या गावात. माहेरच्या घराचा प्रसंगही प्राचीने त्याच खोलीत चित्रित केला. आमचं बार्शीचं घर मागायला ती आली नाही, का ते मी विचारलं नाही. रविवारी सुट्टी म्हणून सुनीता मला तिथे घेऊन गेली.

घरमालकीण हिराआये ऐंशीच्या घरातल्या. पायरीवर बसून सुकट निवडत होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"यो कोन गो?"

"माझा भाऊ, आये."

"भाव? तुना भाव पन हाय?" मग माझ्याकडे वळून, "इतकी वरसा कटं व्हतास रं?"

सुनीता हसली. "आये, जेवायला घालणार का नुसतंच विचारणार?"

"घालतंय. पयला सांगू दे की त्याला."

आयेंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण वाढलं. आमच्याकडे भाकरी कडक वाळवून महिनाभर ठेवतात. ही हातात घेतली तर घडी पडते. मी तीन खाल्ल्या. आये म्हणाल्या, "खायाला बरा हाय तुजा भाव."

जेवणानंतर मी एकटाच खाडी बघायला गेलो आणि ओहोटीच्या चिखलात पाय घालून बसलो. म्हणजे बसायचं नव्हतं. पायवाट वाटली ती वाट नव्हती. गुडघ्यापर्यंत गेलो. ओढून काढलेला पाय बाहेर आला, सँडल आत राहिली. ती शोधायला वाकलो तर दुसरीही गेली. बांधावरून दोघी बघत होत्या. "आरं, उभा ऱ्हा, नाचू नको!" आये ओरडत होत्या. त्यांनी मला मुलाच्या निळ्या रबरी सपाता दिल्या. एक नंबर मोठ्या. पुढचा सगळा प्रवास मी त्यांतूनच केला.

पाय धुताना सुनीता ओट्यावर बसून शूटिंगच्या गोष्टी सांगत होती. ओटी भरण्याचा प्रसंग इथेच घेतला. तिचं काम करणाऱ्या मुलीने ओटी घेतली आणि रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे परत ताटात टाकले. माहेरचं भरलेलं राहावं म्हणून टाकतात तसे.

"मी म्हटलं, थांब. हे काढ. मी त्या दिवशी परत टाकले नव्हते."

मला ते आठवत होतं. आई त्या दिवशी रिकामं ताट बघून म्हणाली होती, पोर विसरली.

"विसरली होतीस?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "टिटवाळ्याला पोचल्यावर रात्री काय शिजवायचं, हाच हिशोब चालू होता डोक्यात. दोघींना पुरतील एवढे होते. एक दाणा सोडायला तयार नव्हते मी." मग तिने माझ्या पायावर आणखी तांब्याभर पाणी ओतलं. "ते तांदूळ पुढे लातूरलाच शिजले."

तेव्हा बोलायला हवं होतं. आये आत होत्या, आम्ही दोघंच होतो आणि मी तिच्या उजव्या बाजूला होतो. मी विचारलं, खाडीत भरती किती वाजता येते.

सोमवार : मानपाडा

सुनीता मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ वजनकाट्यावर काम करते. मी मागे लागून बघायला गेलो. रस्त्याच्या कडेला जमिनीच्या पातळीत एक लांब लोखंडी फळी असते. ट्रक येऊन तिच्यावर उभा राहतो. बाजूच्या केबिनमध्ये सुनीता. खिडकीतून गाडीची चाकं नीट फळीवर आहेत ना बघते, माणसं खाली उतरवते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, मग पावती. रिकाम्या गाडीचं वजन वेगळं, भरलेल्या गाडीचं वेगळं. सुरुवातीला ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावत होती. काट्याचा माणूस सोडून गेला तेव्हा हिने जाऊन सांगितलं, मी बसते. लोक हसले. आता बारा वर्षं झाली.

केबिनमधलं टेबल तिने भिंतीशी तिरकं लावलंय. खिडकी उजव्या कानाशी यावी म्हणून.

"दीदी, जल्दी करो ना," एक ड्रायव्हर गाडीतूनच ओरडला.

"पहले नीचे उतरो. क्लीनर को भी उतारो."

"अरे, उसका वजन ही कितना है!"

"जितना है उतना भी नहीं चाहिए मेरे को."

तो कुरकुरत उतरला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आप भी चाचा, गलती से खड़े मत हो जाना. पर्ची में आ जाओगे." सुनीता हसत होती. तिला तिथे सगळे ओळखतात आणि थोडे घाबरतात. बार्शीच्या घरात ती बोलताना आधी आईकडे बघायची. तीच ही बाई, हे मला दुपारपर्यंत जुळवता आलं नाही.

डबा खाताना मी म्हणालो, "सुने, एक सांगायचं होतं."

"सांग."

तेवढ्यात हॉर्न वाजला, टँकर आला होता. ती उठली. परत येऊन बसली तेव्हा म्हणाली, "हां, काय म्हणत होतास?" मी म्हणालो, उद्या ठाण्याला तूही चल. एवढंच. हॉर्नने मला वाचवलं असं मी लिहिणार होतो. ते खोटं आहे. मी हॉर्नची वाटच बघत होतो.

मंगळवार : ठाणे

स्टुडिओ म्हणजे ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट. भिंतींना गाद्या आणि गोधड्या ठोकलेल्या. नितीन नावाचा दाढीवाला मुलगा ध्वनिमुद्रण करतो. त्याने आधी माझ्या सपाता बाहेर काढायला लावल्या. "काका, या करकरतात." मी मोज्याशिवाय, थंडगार फरशीवर, माइकसमोर उभा राहिलो. काचेपलीकडे नितीन, प्राची, आणि खुर्चीत सुनीता. तिने हेडफोनची एकच वाटी कानाला लावली होती, दुसरी मोकळी लोंबत होती.

समोर पडद्यावर तो प्रसंग. माझं काम करणारा माणूस पूर्ण वेळ पाठमोरा, दाराशी उभा. ओठ दिसत नाहीत. नितीन म्हणाला, "लांबी जमली की झालं काका. ओठ जुळवायची भानगड नाही."

कागदावरची सात वाक्यं मी वाचली. 'सुने, आईची तब्येत बघतेस ना.' 'माझ्या हातात असतं तर.' 'थोडे दिवस जाऊन बघ.' अशी. तो माणूस दुबळा होता, आईच्या शब्दाखाली दबलेला, डोळ्यांत पाणी आलेला. मी असा नव्हतो. आईने तर एकदा हळूच म्हटलं होतं, राहू दे तिला.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी," प्राची म्हणाली. "आईने सांगितलं तसं."

मी तीन वाक्यं बोललो. नितीनने अंगठा दाखवला. चौथ्यापाशी थांबलो. त्याने पाणी आणून दिलं. मी ते प्यालो आणि माइकमध्येच म्हणालो, "प्राची, तुझं ते भोक. दाजींना मी फोन केला होता. मी सांगितलं कुठल्या गाडीने येतेय ते."

आतला आवाज बाहेर हेडफोनमध्ये जातो. बाहेरचा आत येत नाही, नितीनने बटण दाबेपर्यंत. त्यामुळे ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. प्राची उभी राहिलेली दिसली. तिचे ओठ हलत होते. नितीन स्वतःच्या हातांकडे बघत होता. सुनीताने हात पुढे करून स्वतःच ते बटण शोधलं.

"किती वाजता केलास?"

"सव्वासहाला. दूध आणायला गेलो तेव्हा."

"मी आंघोळीला होते," ती म्हणाली. मग, "का?"

"नवरा घ्यायला आला तर तुझा मान राहील असं वाटलं." आणि हेही खोटं उरू नये म्हणून पुढचंही बोललो. "आणि तू परत येऊ नयेस म्हणून. माझं लग्न होतं."

बटण सुटलं. परत काही ऐकू येईना. प्राची रडत होती, की ओरडत होती. सुनीताने तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं. मग बटण.

"पाठमोरा आहे ना तो माणूस? मग बोल. काय बोलला होतास फोनवर ते बोल. नितीन, घे."

"काकू, आता नको," नितीन म्हणाला.

"घे रे. तो परत यायचा नाही."

प्राचीने डोळे पुसले आणि हे कुठे बसेल ते कागदाच्या पाठीवर लिहून काचेला लावलं. प्रसंग ठरला होता. ओटी भरून होते, बायका आत जातात, पाठमोरा माणूस दाराशी एकटा उरतो, बाजूला कोनाड्यात फोन आहेच. तिथे नऊ सेकंद होते.

"साडेसातच्या गाडीत बसवून देतोय. तुम्ही स्टँडवर थांबा. ती एकटीच आहे, पोरगी आहे सोबत."

पहिल्यांदा अकरा सेकंद झाले. मग दहा. मग आवाज फाटला. नितीन हळूच म्हणाला, "काका, जरा दबका घ्या. घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोलतो ना आपण, तसा." मला ते शिकवायची गरज नव्हती. सहाव्या वेळी जमलं. उरलेली चार वाक्यं सुनीताने काढून टाकायला लावली.

बाहेर आल्यावर तिघांनी कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. खरं तर मी खाल्ली. प्राची माझ्याशी बोलत नव्हती. सुनीताने पाव अर्धा करून माझ्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "कान गेला त्याचं मी नशीब समजत होते. बरं असतं ते. कोणाचा राग नसतो."

बुधवार

सकाळी ती नेहमीच्या वेळी कामाला निघाली. जाताना माझ्या हातात एक पिशवी दिली. "वहिनीची ओटी आहे. तिने माझं काही केलेलं नाही." मग चपला घालता घालता विचारलं, "तुझी गाडी कितीची?"

"दुपारी दोनची. कल्याणहून."

"बघ," ती म्हणाली, "आता मला कळली तुझ्या गाडीची वेळ." आणि थोडी हसली. ते हसणं कसलं होतं ते मी चार जणांना विचारून पाहू शकत नाही.

मी म्हणालो, "येतो."

'येतो'वर आपल्याकडे 'ये' म्हणतात. न म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. ती म्हणाली, "दार ओढून घे, लॅच आहे," आणि जिना उतरून गेली.

बार्शीला पोचल्यावर बायकोने पिशवी उघडली. खण, नारळ, तांदूळ. मी तिला राहिलेलं अर्धंही सांगितलं. ती ओटी मांडीवर घेऊन बसून होती. ऐकून झाल्यावर तिने तांदळातले चार दाणे निवडून वर्तमानपत्राच्या कागदात बांधले. "हे परत द्यायचे असतात तिच्या घरात. इथून कसे देणार? तुम्ही जाल तेव्हा टाका."

चित्रपट आता पूर्ण झालाय असं नितीनने कळवलं. प्राचीचा फोन नाही. ती पुडी शाळेत माझ्या टेबलाच्या खणात, कंपासपेटीशेजारी आहे. निळ्या सपाताही परत करायच्या आहेत. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, दर्शन झालं का, तर नाही म्हणून सांगतो.